रविवारी डोकं ठणकतं? आधी चहाचा हिशोब मांडा

आठवडाभर सकाळी सातला घरचा चहा, ऑफिसात पोचल्यावर मशीनची कॉफी, चारला खाली टपरीवर परत एक, आणि रविवारी दहापर्यंत ताणून दिली की उठल्याउठल्या डोकं जड. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांना हे चांगलंच माहितीय. मग कोणी म्हणतं पित्त झालं, कोणी म्हणतं एसी लागला. असेलही, पण सातचा चहा चुकलाय हे कोणाच्या लक्षात येत नाही.

होतं काय, की मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन असतं, त्याने गुंगी येते आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते आणि वाहिन्या आकसतात. रोज तेच चाललं की मेंदू त्या हिशोबाने स्वतःला सेट करून घेतो, आणि मग एखाद दिवशी कॅफिन आलंच नाही की वाहिन्या फुगतात आणि ठणका सुरू. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे चालू होतं, पहिले एकदोन दिवस जोर असतो, आठवड्याभरात बहुतेकांचं जातं.

हेच कारण आहे का ते तपासायला सोपं आहे. डोकं दुखत असताना एक स्ट्राँग कॉफी किंवा दोन कप चहा घ्या, म्हणजे अंदाजे १०० मिलिग्रॅम कॅफिन, आणि तासाभरात उतरलं तर संशय पक्का. नाही उतरलं तर दुसरं काहीतरी असणार, उगाच कपावर कप ओतू नका.

आता कमी कसं करायचं. एकदम बंद करू नका, सोमवारपासून चहा सोडला म्हणणारे बुधवारी अमृततुल्यसमोर उभे असतात. आधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा, किती कप आणि किती वाजता. कप म्हणजे कुठला कप तेही लिहा, कारण अमृततुल्यचा कप दोन-चार घोटांचा आणि घरचा मग त्याच्या तिप्पट, त्यात आई पावडर जास्त टाकून खळखळून उकळवत असेल तर कॅफिन अजून उतरतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, गरोदर असाल तर २००. मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत चला, संध्याकाळचा सगळ्यात आधी, कारण घेतलेल्या कॅफिनमधलं निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं, रात्रीची झोप बिघडते आणि झोप बिघडली की परत डोकं. सकाळचा पहिला चहा माझ्या मते राहू द्या, पण रविवारीही वेळ तीच, हवं तर पिऊन परत झोपा.

गोळ्यांकडे पण बघा. सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, ते उगाच नाही घातलेलं, वेदनाशामकाचा असर त्याने थोडा वाढतो. पण अशा मिक्स गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, असं तीन-चार महिने चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मेडिकलवाल्याकडून पानं आणत बसण्यापेक्षा डॉक्टरला दाखवा. अर्धशिशीवाल्यांनी तर नक्कीच, कारण त्यांच्यात कॉफीने कोणाचं थांबतं तर कोणाचं उठतं.

आणि अचानक आयुष्यात कधी नाही इतकं डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागला असेल तर हा सगळा चहाचा हिशोब विसरा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

एक राहिलं. फास्टिंग शुगर टेस्टला सकाळी चहा चालत नाही, कोरासुद्धा नाही, त्यामुळे लॅब उघडल्या उघडल्या पहिला नंबर लावा. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर रोज किती चहा-कॉफी होते ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर शुद्धीवर आल्यावर डोकं कशाने दुखतंय यावरच सगळ्यांची चर्चा चालू राहते.