लँडलाइनवर घरगुती आयव्हीआर: फोन उचलणं सोपं, ठेवणं अवघड

रावेर-यावल पट्ट्यात घरूनच केळीची रोपं विकणारा, अमळनेरात घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवणारा, चोपड्यात ट्रॅक्टरची अवजारं भाड्याने देणारा, सगळ्यांची तक्रार एकच. दिवसभर फोन वाजतो आणि बरेचसे लोक तेच ते विचारतात. "रोपं आहेत का?" "डॉक्टर बसलेत का?" "बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला?" घरातच छोटा फोन सर्व्हर लावला तर तो फोन उचलतो, अमुक कामासाठी एक दाबा म्हणतो आणि कॉल त्या त्या जागी पाठवतो. यालाच आयव्हीआर म्हणतात. यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. ॲस्टेरिस्क १९९९ पासून जगभर चाललंय, आणि फ्रीपीबीएक्स लावलं की त्याची सगळी मांडणी ब्राउझरमधून करता येते. लिनक्स टाकता येतं आणि राउटरच्या पानावर शिरता येतं, असं धरून पुढचं लिहितो.

यंत्र

जो तो व्हिडिओ सांगतो, रास्पबेरी पाय घ्या. घेऊ नका. एक तर फ्रीपीबीएक्स १७ ची अधिकृत स्थापना डेबियन १२ वर, तीही इंटेल-एएमडीच्या ६४ बिट यंत्रांसाठी आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडची वीज. दिवसातून कितीदा जाते-येते त्याचा हिशेब नसतो, आणि अशा झटक्यांत पायचं मेमरी कार्ड बिघडतं. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, चार जीबी रॅम आणि छोटी एसएसडी एवढं पुरतं. तो पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. सर्व्हर, राउटर, गेटवे आणि फायबरचा डबा हे चारही इन्व्हर्टरवर हवेत. यातला एक जरी सुटला तरी बाकीचे तीन चालू असून उपयोग नाही.

गेटवे म्हणजे टेलिफोनची लाइन आणि सर्व्हर यांच्यामधला डबा. दुकानात बोलून घ्या, एफएक्सओ पोर्ट हवा. नुसता एफएक्सएस असलेला डबा स्वस्त मिळतो, पण त्याला फोनचा संच जोडता येतो, बाहेरून आलेली लाइन जोडता येत नाही. मी ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८१३ वापरतो, त्यात दोन्ही पोर्ट आहेत. तांब्याची तार जाऊन फायबर आलं असेल तरी अडत नाही. फायबरच्या डब्यावर फोनसाठी जे भोक असतं, त्यातून निघालेली वायर गेटवेच्या लाइन पोर्टला लावायची.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्या घरी आलेला कॉल आपण घरातल्या फोनांवर फिरवतो आहोत, तेवढंच करायचं. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल इथल्या लाइनवर उतरवणं हा गुन्हा आहे आणि अशा बेकायदा एक्स्चेंजवर पोलीस धाडी टाकतात. कोणी ओळखीचा 'नुसती लाइन वापरू दे, महिन्याला पैसे देतो' म्हणत आला तर चहा पाजून वाटेला लावा.

जोडणी

सर्व्हरला आणि गेटवेला राउटरमधून पक्का आयपी द्या. फ्रीपीबीएक्सच्या फायरवॉलमध्ये घरचं नेटवर्क ट्रस्टेड करा, नाहीतर तो गेटवेलाच हाकलून लावतो. राउटरवर कुठलाही पोर्ट बाहेर उघडू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये इंटरनेटवर उघडी राहिलेली फ्रीपीबीएक्सची ॲडमिन पानं हल्लेखोरांनी फोडली होती.

गेटवे एक्स्टेन्शन (घरातला आतला फोन) म्हणून जोडावा की ट्रंक (बाहेरची लाइन) म्हणून, यावर पुष्कळ वाद वाचायला मिळेल. ट्रंकच करा. एक्स्टेन्शन केलं तर फोन करणाऱ्याचा खरा नंबर हरवतो आणि इनबाउंड रूट, म्हणजे बाहेरून आलेला कॉल कुठे पाठवायचा याचे नियम, कामाला येत नाहीत. ट्रंकचा प्रकार पीजेसिप घ्या, ऑथेंटिकेशन नन, रजिस्ट्रेशन नन, सर्व्हरच्या जागी गेटवेचा आयपी, पोर्ट ५०६२, कारण एचटी ८१३ चा लाइन पोर्ट त्यावर ऐकतो. गेटवेच्या बाजूने अनकंडिशनल कॉल फॉरवर्ड टू व्हीओआयपीमध्ये सर्व्हरचा आयपी आणि आपल्या मनाचा एक नंबर घाला. तोच नंबर इनबाउंड रूटमध्ये. नंबर ऑफ रिंग्ज दोन ठेवा. कॉलर आयडी काही लाइनींवर पहिल्या घंटीच्या आधी येतो, काहींवर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये, दोन घंट्या थांबलं की दोन्ही पकडले जातात. मिस कॉल देणाऱ्यांची पंचाईत होईल, त्याला इलाज नाही.

कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत, फक्त ए-लॉ. जी ७२९ सारख्या दाबलेल्या कोडेकमध्ये बटणांचे आवाज चुरगळतात. एक दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकदम निघतात, आणि ते दोन्ही नीट पोचले तरच ते 'एक' असतं. डीटीएमएफ, म्हणजे या बटणांच्या सुरांची सेटिंग, दोन्हीकडे आरएफसी २८३३ किंवा ४७३३ वर ठेवा, दोन्ही नावं एकाच पद्धतीची. इनबँडही (सूर आवाजातूनच पाठवणं) सोबत चालू राहिलं तर एकदा दाबलेला 'एक' सर्व्हरला 'अकरा' ऐकू येतो.

लाइन सुटण्याचं प्रकरण

आतापर्यंतचं सगळं एका दुपारचं काम आहे. लोक रडतात ते इथे, आणि माझ्याही सगळ्यात जास्त रात्री यातच गेल्या.

मोबाइलवर समोरच्याने कॉल कापला की नेटवर्क तसा संदेश पाठवतं. साध्या टेलिफोन लाइनवर असा संदेश मिळेलच याची खात्री नाही. समोरच्याने फोन ठेवला की आपल्या बाजूला नुसतं टूं-टूं वाजतं. माणूस ते ऐकून रिसीव्हर ठेवतो. गेटवेला त्या टूं-टूंचा अर्थ शिकवलेला नसेल तर त्याच्या लेखी कॉल चालूच असतो. सर्व्हर कोणी नसलेल्या लाइनला मेनू ऐकवत राहतो आणि बाहेरच्यांना तुमचं घर तासन्‌तास एंगेज लागतं. गंमत अशी की घरात कोणाला पत्ता लागत नाही, उलट आज फोन कमी आले म्हणून सगळे खूश असतात. संध्याकाळी कोणीतरी दारात येऊन सांगतं, "नाना, सकाळपासून लावतोय."

यावर सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला म्हणजे 'डिस्कनेक्ट टोन डिटेक्शन चालू करा'. बरोबर आहे, पण अर्धवट. नुसतं चालू करून भागत नाही, कारण बहुतेक गेटवे अमेरिकेचे आकडे घेऊन येतात: ४८० आणि ६२० हर्ट्झ मिसळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा आहे, ७५० मिलिसेकंद वाजतो आणि ७५० थांबतो. गेटवे त्या अमेरिकन टोनची वाट बघत बसला तर तो इथे कधीच येणार नाही. म्हणून गेटवेच्या पीएसटीएन (साधी टेलिफोन लाइन) डिस्कनेक्ट टोनच्या चौकटीत दोन्ही फ्रिक्वेन्सींच्या जागी ४०० लिहा आणि चक्राच्या जागी ७५०/७५०. लिहिण्याआधी तिथला जुना आकडा बघा. ५००/५०० असेल तर तो मिलिसेकंदात आहे. ५०/५० असेल तर तो डबा दहा मिलिसेकंदांच्या हिशेबाने मोजतो, तिथे ७५/७५ लिहायचं.

एवढ्याने जमलं तर नशीब. फायबरच्या डब्यांत जमेलच असं नाही, कारण तिथे टोन एक्स्चेंज नाही, तो डबाच तयार करतो आणि त्यात कुठल्या देशाची मांडणी भरली आहे ते बाहेरून दिसत नाही. तेव्हा तर्क करत बसू नका, मोजा. इनबाउंड रूटमध्ये कॉल रेकॉर्डिंग फोर्सवर टाका आणि थोड्या वेळापुरता कॉल मेनूऐवजी थेट घरातल्या एका फोनवर पाठवा. गेटवेमध्ये सायलेन्स सप्रेशन (शांत वेळी आवाज न पाठवणं) असेल तर बंद करा. मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावा, घरचा फोन उचला, त्याचा माइक म्यूट करा, आणि मोबाइल कापा. घरचा फोन मात्र अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. जे काही ऐकू येतंय तेच तुमच्या लाइनचं खरं उत्तर आहे. ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. एक टूं निवडून प्लॉट स्पेक्ट्रम बघा, शिखर जिथे दिसेल ती फ्रिक्वेन्सी. मग टूंची लांबी आणि मधल्या शांततेची लांबी मोजा. हेच आकडे गेटवेत जातील. २५०/२५० अशी घाईघाईची टूं-टूं मिळाली तर तो आपला कंजेशन (लाइनी भरल्याचा) टोन आहे, मग तेच लिहा. एकदा मोजलं की पुन्हा कोणाचा व्हिडिओ बघावा लागत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये टोनच नसेल, नुसती शांतता असेल, तर मल्टिमीटर काढा. फोन ठेवलेला असताना लाइनवर ४८ व्होल्टच्या आसपास असतात, उचलला की दहाच्या खाली येतात. समोरच्याने कापलं त्या क्षणी काटा शून्यावर जाऊन आला तर करंट डिस्कनेक्ट चालू करा, उणे-अधिक उलटलं तर पोलॅरिटी रिव्हर्सल. एसटीडी बूथवरची बिलाची यंत्रं याच उलटापालटीवर चालायची. पण बूथच्या लाइनला ती सोय असायची म्हणून घरच्या लाइनला असेल असं समजू नका. मीटरने दाखवल्याशिवाय हे दोन्ही पर्याय चालू करायचे नाहीत, नाहीतर चांगले चाललेले कॉल मध्येच तुटतात.

उलट बाजूची चूकही होते. टोन ओळखण्याची पातळी फार हलकी केली तर बोलणाऱ्याचा आवाजच गेटवेला टोन वाटतो. मेनूच्या मागे संगीत लावलं तर आणखी गोंधळ. आपलाच आवाज लाइनवरून थोडासा परत येतो आणि त्यातल्या पेटीच्या लांब सुरांवर गेटवे फसतो. म्हणून मेनूत भजन नको, सनई नको, काहीच नको. नुसता माणसाचा आवाज, तोही बेताच्या पातळीवर. मोठ्या आवाजाच्या मेनूत लोकांनी दाबलेली बटणंही बुडतात.

एवढं करूनही दुसरा बंदोबस्त हवाच, कारण टोन एखाद्या वेळी निसटतो. मेनू कधीही स्वतःकडेच परत फिरवू नका. टाइमआउट रिट्राय एक, चुकीच्या बटणासाठी रिट्राय दोन, त्यानंतर घरातले फोन वीस-पंचवीस सेकंद वाजू द्या, मग व्हॉइसमेल, आणि व्हॉइसमेलला दोन मिनिटांची मर्यादा. पुढे टर्मिनेट कॉल. टोन निसटला तरी पाचेक मिनिटांत लाइन मोकळी होतेच.

मग तपासणी. मेनू चालू असताना मोबाइल कापून बघा, बटण दाबल्यावर कापा, घरचा फोन वाजत असताना कापा, व्हॉइसमेलमध्ये कापा. दर वेळी लगेच दुसऱ्या मोबाइलवरून लावा. एंगेज न लागता घंटी गेली तरच लाइन सुटली. डॅशबोर्डवरचा चालू कॉलचा आकडा शून्य झालेला दिसतो, पण माझा विश्वास दुसऱ्या मोबाइलवर.

मेनू आणि आवाज

मेनू बनवणं म्हणजे फॉर्म भरणं आहे, त्यावर काय लिहायचं. तीन पर्यायांच्या वर जाऊ नका.

आवाजावर मात्र लक्ष द्या. संगणकाने वाचलेलं मराठी इकडच्या माणसाला बँकेचा फोन वाटतं आणि तो ठेवून देतो. घरातल्याच कोणाचा तरी आवाज घ्या, आणि पहिलं वाक्य असं हवं की घर ओळखू यावं: "नमस्कार, रोपवाटिका, रावेर. हा रेकॉर्ड केलेला आवाज आहे." दुसरं वाक्य वगळलं तर धुळ्याकडचा माणूस "कोन बोली राहिना?" विचारत बसतो आणि तोवर मेनू संपतो. काम आधी, आकडा नंतर: "रोपांच्या चौकशीसाठी, एक दाबा." उलट सांगितलं तर काम ऐकेपर्यंत आकडा विसरलेला असतो. वेव्ह फाइल अपलोड करा, तिचं रूपांतर फ्रीपीबीएक्स स्वतः करतं.

टाइमआउट दहा सेकंद ठेवा. पाच पुरतात असं सांगणाऱ्याने स्मार्टफोन कानाला लावून मेनू ऐकलेला नाही. फोन कानावरून काढा, कीपॅड शोधा, मग दाबा, यात पाच सेकंद सहज जातात. आणि काही आप्पा-अण्णा बटण दाबणारच नाहीत. ते वाट बघतील, म्हणून काहीच न दाबणाऱ्यासाठी घरचा फोन वाजलाच पाहिजे.

भावाच्या चौकशीसाठी वेगळं रेकॉर्डिंग ठेवा आणि त्याला लिंक टू फीचर कोड लावा. सकाळी भाव आला की घरच्या फोनवरून तो कोड फिरवून नवा भाव बोलायचा, संगणक उघडावा लागत नाही.

आत्या, मामा, मोठी जाऊ यांना मेनू ऐकवू नका, वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. त्यांच्या नंबरांचे वेगळे इनबाउंड रूट करून कॉल थेट घरच्या फोनवर टाका. नंबर लिहिण्याआधी कॉल रिपोर्टमध्ये तो कसा उमटलाय ते बघा. कुठे नुसता दहा आकडी, कुठे आधी शून्य, आणि एका आकड्याच्या फरकाने तो रूट लागत नाही.

शेवटी फ्रीपीबीएक्सचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि गेटवेची सेटिंग वेगळी उतरवून ठेवा. टोनचे मोजलेले आकडे सर्व्हरच्या बॅकअपमध्ये येत नाहीत, आणि गेटवे रीसेट झाला की तो पुन्हा अमेरिकेत जातो.