हापूसच्या पेटीची किंमत आणि तिच्यावर नजर ठेवणारा ऑब्झर्व्हर

देवगडच्या एखाद्या बागायतदारासाठी पेट्यांचा हिशेब ठेवणारे मॅक अ‍ॅप ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिताना पेटी या क्लासमध्ये डझन आणि रेट या साठवलेल्या प्रॉपर्टी असतील, तर प्राइस ही त्यांच्या गुणाकारातून निघेल. प्राइसला स्वतःचा सेटर (मूल्य बदलणारी मेथड) नसल्यामुळे रेट बदलला तरी की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंगने, म्हणजे प्रॉपर्टी बदलल्याची नोटिफिकेशन देणाऱ्या यंत्रणेने, प्राइसवर नजर ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला त्याची वार्ता लागत नाही आणि पडद्यावर जुनाच आकडा राहतो.

यासाठी पेटी क्लासमध्ये कीपाथ्सफॉरव्हॅल्यूजअफेक्टिंगप्राइस ही क्लास मेथड लिहावी आणि तिच्यातून डझन व रेट या कींचा (प्रॉपर्टींच्या नावांचा) एनएससेट, म्हणजे संच, परत करावा. नावाच्या शेवटी प्रॉपर्टीचे नाव येते आणि त्याचे पहिले अक्षर कॅपिटल असते. ही मेथड रनटाइम (अ‍ॅप चालू असताना काम करणारी यंत्रणा) नावावरून शोधत असल्याने स्पेलिंग चुकल्यास कंपायलर अवाक्षर काढत नाही. नोटिफिकेशन येत नसेल तर आधी तेच तपासावे. रेट दुसऱ्या ऑब्जेक्टमध्ये असेल तर मार्केट.रेट असा टिंब असलेला की-पाथही चालतो. ही सोय मॅक ओएस एक्स 10.5 पासून आहे. इन्स्टन्स व्हेरिएबलमध्ये (प्रॉपर्टीचे मूल्य प्रत्यक्ष साठवणाऱ्या जागेत) थेट मूल्य घातल्यास मात्र नोटिफिकेशन जात नाही, म्हणून बदल सेटरमधूनच करावा.

अनेक प्रॉपर्टींसाठी कीपाथ्सफॉरव्हॅल्यूजअफेक्टिंगव्हॅल्यूफॉरकी ही एकच मेथड ओव्हरराइड करता येते. तिच्यात आधी सुपरकडून (पालक क्लासकडून) आलेला सेट घ्यावा आणि मग आपल्या की त्यात मिळवाव्यात. कॅटेगरीत (आधीच्या क्लासला बाहेरून मेथड जोडणाऱ्या भागात) मात्र ही मेथड ओव्हरराइड करू नये, तिथे प्रॉपर्टीच्या नावाची स्वतंत्र मेथडच योग्य.

खरी अडचण वाशीला निघालेल्या ट्रकच्या बेरजेत येते. ट्रकमध्ये अनेक पेट्या असल्याने पेट्या.प्राइस असा की-पाथ या यंत्रणेला चालत नाही. तिथे पेटी चढवताना ट्रकने तिच्या प्राइसवर स्वतः ऑब्झर्व्हर म्हणून नोंद करावी, नोंद करताना दिलेल्या स्वतःच्या कॉन्टेक्स्ट पॉइंटरवरून (ओळखीच्या खुणेवरून) आपलेच नोटिफिकेशन ओळखावे आणि बेरीज नव्याने करून ती सेटरमधून ठेवावी. प्राइस आधीच डझन व रेटवर अवलंबून असल्याचे घोषित असल्याने ट्रकला त्या दोघांकडे वेगळे पाहावे लागत नाही. पेट्यांची यादी बदलली की बेरीज मात्र तिथेही पुन्हा करावी लागते. पेटी उतरवताना ही नोंद काढावी आणि ट्रकच्या डीअलॉकमध्येही (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) उरलेल्या पेट्यांवरून ती काढावी, नाहीतर ट्रकचा ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर रेट बदलताच अ‍ॅप कोसळू शकते.