बोलता न येणाऱ्या यंत्रमानवाला आवाज कसा द्यावा

खऱ्या माणसांच्या सिनेमात शूटिंगच्या जागी काही ना काही आवाज मिळतातच. पात्रांचं बोलणं, पावलं, खुर्ची सरकल्याची करकर. ॲनिमेशनची फ्रेम मात्र ठार मुकी असते, वाऱ्याची झुळूकसुद्धा कोणीतरी आणून बसवावी लागते. त्यात कथा भविष्यातली असेल तर आणखी एक पंचाईत: तुमच्या यंत्रमानवाचा आवाज कसा असतो, हे कोणीच कधी ऐकलेलं नाही.

घरच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी दोन-तीन मिनिटांची विज्ञानकथा करणाऱ्यांनी यासाठी पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा ‘वॉल-ई’ (२००८) कान देऊन पाहावा. दिग्दर्शक ॲण्ड्र्यू स्टॅण्टन, साउंड डिझायनर बेन बर्ट. ‘स्टार वॉर्स’मधल्या आरटू-डीटू या यंत्रमानवाची शीळ आणि लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण याच बर्टची. ‘वॉल-ई’च्या पहिल्या अर्ध्या तासात संवाद जवळजवळ नाहीतच, तरी नायक, म्हणजे वॉल-ई नावाचा यंत्रमानव, एकटा आहे, जिज्ञासू आहे, भित्रा आहे आणि प्रेमात पडलाय, हे सगळं कळतं. यातला मोठा वाटा आवाजाचा आहे.

आधी कागद, मग माइक

हौशी मंडळी इंटरनेटवरून ‘रोबो साउंड’ची फाइल उतरवून घेतात आणि टाइमलाइनवर टाकतात. इथेच घोळ होतो. तुमचं ॲनिमॅटिक, म्हणजे कच्च्या चित्रांची हलती पट्टी, आवाज न लावता दोनदा पाहा. प्रत्येक प्रसंगासमोर दोन गोष्टी लिहा: इथे काय हलतंय, आणि त्या क्षणी पात्राला काय हवंय. ‘यंत्रमानव वळतो’ एवढ्याने भागणार नाही. ‘यंत्रमानव वळतो, कारण मागे कोणीतरी आहे अशी शंका आली’ असं लिहिलंत की वळण्याचा आवाज सलग येणार नाही, मध्येच अडखळेल, हे आपोआप ठरतं.

मग पात्रांची आपसात तुलना करा. वॉल-ई म्हणजे गिअर, मोटार, पट्टे. सगळं घासणारं, कुरकुरणारं. ज्या यंत्रमानवाच्या तो प्रेमात पडतो ती ईव्ह मात्र तरंगते, तिचे आवाज गुळगुळीत आणि सुरेल. एक जुना कामगार आणि एक महागडं नवं यंत्र, हा फरक कानाला आधी कळतो. अवकाशातलं जहाज चालवणारा ऑटो नावाचा यंत्रमानव बोलतो तो ॲपलच्या मॅकइनटॉक या संगणकी आवाजात, त्यामुळे त्याच्या बोलण्यात भावनेला जागाच उरत नाही. तुमच्या फिल्ममध्ये दोन यंत्रं असतील तर त्यांच्या आवाजाचा कच्चा माल वेगळा ठेवा. एक धातूचं, दुसरं हवेचं. एक खडबडीत, दुसरं सुरातलं. दोघांना एकाच सिंथेसायझरमधून काढलंत तर प्रेक्षकाला ती जुळी भावंडं वाटतील.

हाताने वाजवता येईल अशी वस्तू शोधा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वॉल-ईच्या चालण्यासाठी बर्टने हाताने फिरवायचा जुना जनरेटर वापरला. तसला जनरेटर त्याला हॉलिवूड नट जॉन वेनच्या एका जुन्या सिनेमात दिसला होता, मग त्याने ईबे या वेबसाइटवरून एक विकत घेतला. मजा अशी की जोरात फिरवला की आवाज चढतो, हळू केला की उतरतो. म्हणजे तो वाद्यासारखा वाजवता येतो. घाई, दमणं, दचकून थांबणं, सगळं मनगटातून येतं. वॉल-ई भरधाव पळतो तेव्हाचा आवाज १९३०च्या दशकातल्या दुपंखी विमानाच्या हाताने फिरवायच्या स्टार्टरचा आहे.

आपल्याकडे अशा वस्तूंना तोटा नाही. पायाचं शिलाई मशीन, दांडा फिरवून चालणारी नारळाची खोवणी, हँड ड्रिल, शेवेचा सोऱ्या, उलटी करून ठेवलेली सायकल, गावाकडे विहिरीवरची कप्पी. मिक्सरचा आवाज दणदणीत असतो, पण बटण दाबलं की तो ठरलेल्या दोन-तीन वेगांनीच चालतो. त्याला लाजायला सांगून पाहा. म्हणून मुख्य पात्रासाठी विजेवर चालणारी वस्तू मी टाळायला सांगेन. जहाजाच्या इंजिनाला, पार्श्वभूमीला ती खुशाल वापरा.

छोट्या पात्रांसाठी तर घर धुंडाळाच. वॉल-ईच्या सोबतच्या झुरळाची टकटक पोलिसांच्या हातकड्यांच्या खटक्यांतून आली आहे. ईव्हच्या लेझरसाठी स्लिंकी, म्हणजे खेळण्यातली लांब स्प्रिंग, ताणून तिच्यावर ठोका दिला होता, आणि वाऱ्यातला एक भाग म्हणजे गालिचावरून ओढत नेलेली जाड कॅनव्हासची पिशवी. असे सुमारे अडीच हजार आवाज त्या एका सिनेमासाठी तयार झाले. तुम्हाला पन्नासही पुष्कळ झाले.

रेकॉर्डिंग

फोन चालेल. फक्त ॲप असं घ्या ज्यात वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, असा पर्याय आहे आणि आवाजातला गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय बंद करता येते. ती चालू राहिली तर तुमची नाजूक किरकिर फोन गोंगाट समजून गिळून टाकतो. पंखा बंद, फ्रीज बंद (नंतर आठवणीने चालू करा), खिडक्यांना जाड चादर. माइक वस्तूपासून वीतभर अंतरावर. पहाटेची वेळ उत्तम. कुकरच्या शिट्ट्या, भोंगे आणि शेजारचा टीव्ही यांच्या आधी उरकून घ्या.

एकच आवाज वेगवेगळ्या ‘मूड’मध्ये घ्या: आनंदी खोवणी, रडवेली खोवणी. घरचे हसतील. शेवटी अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा, दोन तुकडे जोडताना ती लागतेच.

वाकवणं आणि थर

आवाज संपादनाचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, व्हिडिओ संपादनाच्या दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आवाजाचं वेगळं दालन आहे. सुरुवातीला दोनच युक्त्या पुरतात. वेग अर्धा केला की आवाज एक सप्तक खाली येतो आणि वस्तू अचानक अवाढव्य वाटते. दुप्पट केला की चिमुकली. मात्र ४८ किलोहर्ट्‌झची फाइल अर्ध्या वेगात नेली की तिच्यातली वरची चमक जाते, तेव्हा वर एखादा बारीक कडक आवाज, किल्ल्यांचा वगैरे, मिसळा. दुसरी युक्ती थरांची: खाली वजन, मध्ये हालचाल, वर तपशील. तीन थर बस्स. सातवा थर लावावासा वाटला तर समजा पहिलाच चुकलाय.

शब्दांवाचून बोलणं

वॉल-ईचा आवाज बर्टने स्वतःच्या गळ्यातून काढून संगणकावर बदलला. ईव्हचा आवाज पिक्सारमध्येच काम करणाऱ्या एलिसा नाइटचा आहे. आत माणूस आहे, म्हणून जीव आहे. तुम्हीही आधी पूर्ण वाक्य बोला, ‘अगं, थांब ना जरा!’ मग तेच तोंड मिटून, नुसत्या हुंकारात. चढउतार तोच राहू द्या. त्या हुंकाराखाली खोवणीची किरकिर त्याच चढउताराने वाजवून घ्या. शब्द पाहिजेतच असं वाटलं तर एखादंच नाव ठेवा आणि ते निरनिराळ्या भावांनी उच्चारा.

हे आवाज ॲनिमेशन संपायची वाट न पाहता आधीच करा. चित्र काढणाऱ्याच्या कानावर पडले की पात्राची मान कधी वळायची, पापणी कुठे थबकायची, हे त्यालाही सुचतं.

अवकाशात हवा नाही, म्हणून आवाजही नाही, हे शाळेत शिकलेलं प्रेक्षक विसरत नाही. पण चांगल्या कथेसाठी माफ करतो. वॉल-ई अग्निशामक नळकांड्याच्या जोरावर अवकाशात नाचतो तेव्हा फवारे ऐकू येतातच. पूर्ण शांतता की यानाच्या आतून ऐकू येईल तेवढंच की सगळंच, ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

डोळे मिटून तपासा

सगळं जुळल्यावर पडदा झाकून, कथा माहीत नसलेल्या कोणाला तरी फक्त आवाज ऐकवा. ‘काय झालं असेल?’ एवढंच विचारा. ‘कोणीतरी घाबरलंय आणि लपतंय’ असं उत्तर आलं तर पुढे जा. ‘मशीन चालू आहे’ एवढंच आलं तर त्या जागी नवा आवाज चढवू नका. आहे त्यातला एकेक थर बंद करून पुन्हा ऐकवा. बहुतेक वेळा खालचा जड गुरगुराट काढला की वरची बारीक थरथर मोकळी होते. त्यानेही जमलं नाही, तर खोवणी पुन्हा हातात घ्या.