एंजलचा पैसा घ्यायचाय? मग आधी हे आवरून ठेवा

एंजल म्हणजे नव्या कंपनीत स्वतःचे पैसे घालून शेअर घेणारा माणूस. लोक महिना महिना पिच डेकचे, म्हणजे त्याला दाखवायच्या स्लाइड्सचे, रंग बदलत बसतात आणि डील अडतं भलत्याच ठिकाणी, म्हणून डेकचं नंतर बघू, आधी कागद. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड नसेल तर करून घ्या, प्रोप्रायटरशिपमध्ये शेअर देणार कुठून? डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता काढून ठेवा, ऑनलाइन होते आणि फी नाही. डोमेन, ट्रेडमार्क, प्ले स्टोअरचं अकाउंट सगळं कंपनीच्या नावावर हवं, कोणा एका पार्टनरच्या जीमेलवर नको. ज्या मित्राने पहिलं ॲप फुकटात बनवून दिलं त्याच्याकडून कोडचे हक्क कंपनीला दिल्याचं आत्ताच लेखी घ्या, कारण पैसे येतायत म्हटल्यावर त्याच मित्राला अचानक १० टक्के आठवतात. फाउंडरांचं आपापसात वेस्टिंग, म्हणजे शेअर एकदम नाही तर टप्प्याटप्प्याने पक्के होणं, पण लिहून ठेवा, साधारण ४ वर्षांचं असतं.

मग कॅप टेबल, म्हणजे साधी एक्सेल शीट, कोणाचे किती शेअर, तोंडी कबूल केलेले पण त्यात आले पाहिजेत. आणि मामांचे ३ लाख! सुरुवातीला "असू दे रे, नंतर बघू" म्हणून दिलेले असतात, खात्यात नुसतेच पडलेले, कर्ज की शेअर कोणालाच माहीत नाही. गंमत अशी की कंपनी कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं, सून, जावई आहेत, मामा नाहीत, त्यामुळे संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेताना मिळणारी सूट मामांच्या पैशाला लागत नाही आणि ते डिपॉझिट, म्हणजे कडक नियम लागणारी ठेव, धरले जाऊ शकतात. सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) विचारून हे आधी मिटवा, एंजलच्या वकिलाने शोधून काढायच्या आत.

आकड्यांत एक गोष्ट पाठ हवी. "५० लाख हवेत, व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत) ५ कोटी" एवढं बोलून थांबू नका. ५ कोटी पैसे येण्याआधीचे धरले तर एंजलला ९.०९ टक्के जातात, पैसे धरून असतील तर १० टक्के. ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरचा, पूल पैसे येण्याआधी काढायला लावला तर तो सगळा तुमच्या हिश्श्यातून जातो, हे टर्म शीटमध्ये (डीलच्या अटींच्या कागदात) एका ओळीत असतं आणि वाचायचं राहून जातं. महिन्याला किती जळतात, बँकेत किती आहेत, किती महिने पुरतील, ही उत्तरं लॅपटॉप न उघडता यायला हवीत.

माणूस कसा शोधायचा? मुंबई एंजल्स, इंडियन एंजल नेटवर्क ही दोन्ही २००६ पासून आहेत, लेट्सव्हेंचरसारखे प्लॅटफॉर्म आहेत, फी किती आणि कधी घेतात ते पहिल्याच फोनवर विचारा. पण माझं मत विचाराल तर द्राक्षबागायतदारांसाठी काही बनवत असाल तर नाशिकचा एखादा द्राक्ष एक्सपोर्टर मोठ्या नेटवर्कपेक्षा जास्त कामाचा, तो चेकही देईल आणि बागेत घेऊनही जाईल. एंजल कोणीही असो, त्याने आधी पैसे दिलेत अशा दोघा फाउंडरांना फोन करा, त्यांचा धंदा पडला तेव्हा हा कसा वागला ते विचारा. रिटायरमेंटची पुंजी टाकणाऱ्याला सरळ नाही म्हणा, रोज रात्री फोन येईल.

एंजल हो म्हणाला की खरी धावपळ. आपण पैसे घेतोय अशी जाहिरात चालत नाही, ऑफर नावानिशी द्यावी लागते आणि पैसे त्याच माणसाच्या खात्यातून कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यात यायला हवेत. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर अलॉट करायचे, म्हणजे त्याच्या नावावर द्यायचे, अलॉटमेंटनंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा शेअर दिल्याचा सरकारी फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही, पगार थकले असले तरी. म्हणून पैसे आले की लगेच खर्च, असं प्लॅनिंग करू नका. परदेशातला वर्गमित्र पैसे परत नेता येतील अशा पद्धतीने टाकणार असेल तर अलॉटमेंटपासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेचा एफसी-जीपीआर फॉर्म भरायचा, बँकेचे कागद त्याच्याकडून आधीच मागून घ्या. एंजल टॅक्सची (शेअर जास्त किमतीला विकले म्हणून कंपनीवर लागणाऱ्या टॅक्सची) भीती मात्र डोक्यातून काढा, २०१२ ला आलेला तो टॅक्स २०२४ च्या बजेटमध्ये गेला. शेअरची किंमत ठरवणारा रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट तरी लागतोच. १० जण ५-५ लाख देत असतील तर आणि ते नियमात बसत असतील तर सगळ्यांना एका एंजल फंडातून, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या नोंदणीकृत फंडातून, यायला सांगा, नाहीतर पुढच्या प्रत्येक सहीसाठी १० जणांच्या मागे पळावं लागेल.

पैसे आल्यावर एंजलना दर महिन्याला एक छोटा मेल: विक्री, खर्च, बँकेतली शिल्लक, काय फसलं. वाईट बातमी त्यांना बाहेरून कळायच्या आत तुमच्याकडून जाऊ द्या. आणि खाली मदत मागायची ती नेमकी, "कोणी ओळखीचं असेल तर सांगा" असं नको, "पुण्यातल्या अमुक कोल्ड स्टोरेजच्या मालकाशी १५ मिनिटं बोलायचंय, कोण ओळखतं?" असं लिहा, उत्तर बहुतेक संध्याकाळपर्यंत येतं.