मुक्कामाच्या खोलीचे दार
एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीने मुक्कामाच्या ठिकाणी शक्यतो दिवसाउजेडी पोहोचावे, आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक इतरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितला गेला, तर निःसंकोचपणे दुसरी खोली मागावी. ही मागणी मुळीच अवाजवी नाही. खोलीत शिरल्यावर सामान उघडण्यापूर्वी कडी, खिडक्या आणि शेजारच्या खोलीत उघडणारे दार असल्यास तेही तपासावे. हॉटेलकडे प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असतेच, त्यामुळे केवळ कुलपावर विसंबून न राहता आतून कडी लावावी आणि दाराखाली रबरी पाचर सरकवावी. ही पाचर हलकी आणि स्वस्त असते, मात्र दार आतल्या बाजूला उघडणारे असेल तरच ती उपयोगी पडते; बाहेर उघडणाऱ्या दाराला तिचा काहीच अडथळा होत नाही. आग लागल्यास ती चटकन काढता यावी, म्हणून एकदा लावून-काढून पाहावी. न बोलावता कोणी कर्मचारी म्हणून दार ठोठावले, तर ते न उघडता स्वागतकक्षाला फोन करून खात्री करावी, मग बाहेरच्या माणसाला थोडे ताटकळावे लागले तरी चालेल.