टायमिंग बेल्ट बदलण्यापूर्वी रंगाच्या खुणा

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा दातेरी पट्टा) असलेल्या मोटारसायकलमध्ये नवा बेल्ट एक दात जरी सरकून बसला, तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो. म्हणून गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दाखवलेल्या खुणा जुळतील असे इंजिन फिरवून, जुना बेल्ट काढण्याआधीच बेल्ट आणि प्रत्येक पुली यांवर पांढऱ्या रंगाने समोरासमोर रेघा ओढाव्यात आणि रेघांमधले दात मोजून त्याच खुणा नव्या बेल्टवर उतरवाव्यात. बेल्ट चढवून ताण दिल्यावर, स्पार्क प्लग काढलेले ठेवून, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावा. पुलींच्या खुणा पुन्हा जुळल्याच पाहिजेत (बेल्टवरच्या रेघा जुळतीलच असे नाही, त्यात दोष मानू नये). फिरवताना अडल्यासारखे वाटल्यास जोर लावू नये आणि ही तपासणी होईपर्यंत स्टार्टरला हात लावू नये. बेल्ट बोटांनी पिळून ताणाचा अंदाज घेणे मला भरवशाचे वाटत नाही. पुस्तिकेतील मापच पाळावे.