गार घराची स्पर्धा: बक्षिसाआधी नियम लिहा

लातूरचा उन्हाळा, त्यात पत्र्याची घरं. आमच्या गल्लीत आम्ही ‘गार घर’ स्पर्धा लावली. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून परीक्षकपद माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या वर्षी नियम एकच होता: दुपारी दोनला ज्याचं घर सर्वांत गार, त्याला पाच हजार. जिंकला तो सकाळपासून पत्र्यावर पाणी मारत होता. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आमचं गाव, आणि आम्ही टँकर रिकामा करणाऱ्याला हार घातला! चूक त्याची नव्हती. पाण्याबद्दल नियमात एक अक्षर नव्हतं.

म्हणून पैसे गोळा करण्याआधी वही घेऊन बसा आणि ‘हे बक्षीस लबाडीनं कसं मिळवता येईल?’ हे घरातल्या सर्वांत आगाऊ पोराला विचारा. तो सांगेल ते नियम बनतात.

मोठ्यांनीही हेच केलंय. 2018 मध्ये आपल्या केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या सहभागानं ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ जाहीर झालं. एसी असा हवा की हवामानावरचा भार नेहमीच्या एसीच्या पाचपट कमी आणि किंमत दुपटीच्या आत. पाणी किती वापरायचं यालाही मर्यादा होती. यंत्र कसं बनवायचं, ते मात्र स्पर्धकांवर सोडलं. अंतिम आठ संघांना प्रत्येकी दोन लाख डॉलर आधीच दिले, कारण नमुना बनवायलाच पैसे लागतात. चाचण्या हरियाणात पलवलच्या एका इमारतीतही झाल्या. 2021 मध्ये ग्री आणि डायकिन या एसी कंपन्यांचे संघ विभागून जिंकले.

त्यातून दुसऱ्या वर्षी आम्ही दोन गोष्टी उचलल्या. पाणी दिवसाला दोन घागरी, बस. आणि प्रत्येक घराला सुरुवातीलाच पाचशे रुपये, नाहीतर गरिबाचं घर स्पर्धेत येतच नाही.

मोजणीत घाई करू नका. सगळे डिजिटल थर्मामीटर आदल्या रात्री एकाच खोलीत एका ओळीत ठेवा. आमच्यातले दोन एका अंशाहून जास्त फरक दाखवत होते, तो फरक वहीत लिहून नंतर वजा केला. थर्मामीटर खोलीच्या मधोमध, छातीइतक्या उंचीवर टांगा. भिंतीला चिकटवू नका. शिवाय काहीच न केलेलं एक घर तुलनेला ठेवा. आभाळ आलं की सगळीच घरं गार होतात, मग श्रेय कुणाला द्यायचं?

बहुतेकांनी चुन्यात फेविकॉल कालवून पत्र्यावर दोन हात मारले. चांगलाच फरक पडला. पण पहिली आली ती मागच्या आळीतली एक मावशी. तिनं शेतातल्या तुराट्यांच्या पेंढ्या पत्र्यावर अंथरल्या. खर्च फक्त सुतळीचा. (चूल आणि विजेची तार लांब आहे ना, हे मी स्वतः चढून पाहिलं. तुम्हीही पाहाच.)

निम्मं बक्षीस मेमध्ये दिलं, निम्मं वळवाच्या पावसानंतर. पहिल्याच वावटळीत मावशीच्या निम्म्या तुराट्या शेजारच्या अंगणात जाऊन पडल्या. तिनं त्या गोळा केल्या, तारेनं आवळल्या, वरून जुनं मासेमारीचं जाळं ताणलं. दुसऱ्या वादळात एकही काडी हलली नाही, तेव्हा उरलेले अडीच हजार तिला पोचवले.